रोडरोलरखाली न येणारा गुन्हा

वर्षातून दोनदा तरी वृत्तपत्रांत एक ठरावीक छायाचित्र झळकते. जप्त केलेले ‘फटाका’ सायलेन्सर रस्त्यावर रांगेने मांडलेले, त्यांवरून रोडरोलर फिरत असलेला आणि कडेला वाहतूक शाखेचे अधिकारी कृतकृत्य मुद्रेने उभे. शहर पुणे असो वा सोलापूर, चित्र तेच. कर्णकर्कश बुलेटने झोप उडालेला नागरिक ते पाहून सुखावतो आणि कायद्याचे राज्य अजून शाबूत आहे, अशी स्वतःची समजूत घालून घेतो. त्याच दुपारी त्याच शहरातील एखाद्या गॅरेजात मोटारीच्या स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटला एक लॅपटॉप जोडला जातो. इंजिनाचे नियंत्रण करणाऱ्या संगणकाची, म्हणजे ईसीयूची, स्मृती वाचली जाते. तिच्यातील आकडे बदलून नवी ‘फाइल’ आत टाकली जाते. गाडी बाहेर पडते तेव्हा तिचा एकही नट हललेला नसतो, सायलेन्सर कंपनीचाच असतो, आरसी बुकातील प्रत्येक नोंद जशीच्या तशी असते. बदललेली असते ती तिची वृत्ती. ती आता अधिक त्वेषाने झेपावते, अधिक विष ओकते आणि या दोहोंचा पुरावा मागे ठेवत नाही. या गुन्ह्यावरून फिरवता येईल असा रोडरोलर राज्य शासनाकडे नाही आणि केंद्राकडेही नाही. तो नसण्याची किंमत मात्र आपण श्वासागणिक चुकती करू लागलो आहोत.

या व्यवसायाचे मूळ नवे नाही. १९७९ मध्ये बॉश कंपनीची ‘मोट्रॉनिक’ प्रणाली बीएमडब्ल्यूच्या ७३२आय मोटारीत आली आणि इंधन किती द्यायचे व ठिणगी केव्हा पाडायची, हे दोन्ही निर्णय एकाच संगणकाच्या हाती गेले. या निर्णयांमागचे आकडे पुढे ईप्रॉम जातीच्या चिपमध्ये साठवले जाऊ लागले. चिपच्या पाठीवर काचेची चिमुकली खिडकी असे. तिच्यातून अतिनील किरण सोडले की आतले लिखाण पुसले जाई आणि प्रोग्रॅमर यंत्रात बसवून नवे लिहिता येई. २७सी२५६ या बहुप्रचलित चिपची सारी धारणाशक्ती अवघी ३२ किलोबाइट. ती बदलायची तर संगणकाचा डबा उघडावा लागे, प्रसंगी जुने डाग सोडवून नवे द्यावे लागत. म्हणजे हाताला कसब आणि डोक्याला ताप, दोन्ही हवेत. आज ती स्मृती काही मेगाबाइटांची झाली आहे आणि तिच्यापर्यंत पोहोचण्यासाठी डबा उघडण्याचीही गरज बहुधा उरलेली नाही. त्याहून गंभीर स्थित्यंतर निराळेच आहे. पूर्वी आकडे बदलणाऱ्याला ते आकडे कळत असत. आता फाइल परदेशातून विकत मिळते आणि ती गाडीत ओतणाऱ्याला तिच्यात काय आहे हे ठाऊक असण्याची सक्ती नाही. औषध न वाचता टोचणाऱ्या वैदूच्या हाती आपण लक्षावधी यंत्रांची नाडी दिली आहे.

त्या आकड्यांत दडलेले असते काय? इंजिनाच्या फेऱ्या एका अक्षावर, त्यावरचा भार दुसऱ्या अक्षावर आणि प्रत्येक चौकोनात एक आज्ञा, अशी कोष्टकांमागून कोष्टके. एका कोष्टकात डिझेल किती, दुसऱ्यात टर्बोचा दाब किती, तिसऱ्यात गिअरबॉक्स सोसेल अशी घूर्णशक्ती (टॉर्क) किती. डिझेल गाडीत एक कोष्टक धुराच्या मर्यादेचे असते : इतकी हवा आत आली तर जास्तीत जास्त इतकेच डिझेल, त्यापुढे थेंबही नाही; कारण पुढचा थेंब जळत नाही, त्याची काजळी होते. ‘पिकअप’ वाढवून हवा असणाऱ्या गिऱ्हाइकासाठी पहिला बळी या मर्यादेचा जातो. घाटात पुढच्या गाडीतून सुटणारा जो काळाकुट्ट लोट पाहून आपण काच वर करतो, तो बऱ्याचदा बिघाड नसतो. पैसे मोजून करून घेतलेली सुधारणा असते. त्यानंतर येतो तो खरा अनाचार. धूर पुन्हा इंजिनात फिरवून नायट्रोजन ऑक्साइड घटवणारी ईजीआर झडप संगणकाच्या आज्ञेने कायमची मिटवली जाते. काजळी अडवणाऱ्या डीपीएफ गाळणीचा जाळीदार गाभा उपसून रिकामे डबडे जागेवर बसवले जाते. ट्रकचालक ज्याला सरळ ‘युरिया’ म्हणतात, त्या द्रवाची फवारणी बंद करून ती सुरूच असल्याचे संगणकाला भासवले जाते. आणि हे सारे बिंग डॅशबोर्डवरील दिव्याने फोडू नये म्हणून दोषसंकेतच पुसून टाकले जातात. यंत्राचे बिघाड सांगणारी जीभ छाटण्याच्या या कृत्याला व्यवसायाच्या परिभाषेत ‘डिलीट’ असे निरुपद्रवी नाव आहे.

याचा अर्थ राष्ट्राच्या हिशेबात मांडून पाहावा. १ एप्रिल २०२० रोजी भारताने बीएस-५ चा टप्पा ओलांडून थेट बीएस-६ मानके स्वीकारली. इंधनातील गंधकाचे प्रमाण दशलक्ष भागांत ५० वरून १० वर आणण्यासाठी तेलशुद्धीकरण कारखान्यांनी प्रचंड गुंतवणूक केली आणि तिचा भार अखेरीस ग्राहकाने उचलला. डिझेल मोटारीच्या नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा किलोमीटरमागे २५० मिलिग्रॅमवरून ८० वर आली. सूक्ष्म कणांची २५ वरून ४.५ वर. १ एप्रिल २०२३ पासून प्रयोगशाळेबाहेर, प्रत्यक्ष रस्त्यावरील उत्सर्जनाचेही बंधन आले. एवढ्या दीर्घ व खर्चिक तपश्चर्येचे फळ एका तासात, एका केबलने, पूर्ववत करता येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेलच्या धुराला मानवी कर्करोगाच्या निश्चित कारकांच्या पहिल्या गटात बसवले. राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमाच्या यादीत एकट्या महाराष्ट्राची १९ शहरे आहेत. त्या शहरांत पाण्याचे फवारे मारणाऱ्या गाड्या फिरवून धूळ बसवली जात असताना, त्याच गाड्यांच्या पुढून गाळणी उपसलेली वाहने निर्धास्त धावत असतील, तर ते फवारे म्हणजे वायुप्रदूषणावरचा उपाय नव्हे, त्याचे अर्घ्यदान आहे.

मग पीयूसी केंद्रे करतात काय? ‘आंधळं दळतं नि कुत्रं पीठ खातं’ ही म्हण जणू त्यांच्याचसाठी जन्मली. डिझेल गाडी उभी करून, गिअर न टाकता ॲक्सिलरेटर दाबायचा आणि धुराची अपारदर्शकता मोजायची, एवढीच ही परीक्षा. भाराविना इंजिन फिरते तेव्हा धुराची मर्यादा उठवल्याचा परिणाम फारसा दिसतच नाही. तो दिसतो चढावर, भरल्या गाडीत. नायट्रोजन ऑक्साइड हा वायू या चाचणीत मोजलाच जात नाही. गाळणी काढलेली गाडीही अपारदर्शकतेच्या या कसोटीवर उतरू शकते. म्हणूनच नेदरलँड्स आणि जर्मनी या देशांनी २०२३ पासून नियतकालिक तपासणीत कणांची प्रत्यक्ष संख्या मोजण्यास प्रारंभ केला. ब्रिटनने तर फेब्रुवारी २०१४ पासूनच गाळणी गायब असलेली गाडी सरळ अनुत्तीर्ण ठरवली. आपण मात्र नाकातून वाहणाऱ्या विषाची तपासणी डोळ्यांनी करतो आहोत आणि वर प्रमाणपत्र देतो आहोत.

दुर्लक्षाचे मोल किती होते, हे जाणण्यासाठी कल्पनाशक्ती ताणण्याची गरज नाही. अमेरिकेने ते मोजून ठेवले आहे. तेथील पर्यावरण संरक्षण संस्थेने नोव्हेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, सुमारे दशकभरात साडेपाच लाखांहून अधिक डिझेल पिकअप ट्रकांची प्रदूषण नियंत्रणे उखडण्यात आली. या छेडछाडीमुळे त्या वाहनांच्या आयुष्यात हवेत जाणाऱ्या अतिरिक्त नायट्रोजन ऑक्साइडचा अंदाज ५ लाख ७० हजार टनांचा. नियम पाळणारे ९० लाख नवे ट्रक रस्त्यावर उतरवले असते तर जेवढी भर पडली असती, तेवढी ही. साडेपाच लाखांच्या लबाडीचा भार ९० लाखांएवढा, हे प्रमाण प्रत्येक धोरणकर्त्याने आपल्या टेबलाच्या काचेखाली लावून ठेवावे. कायद्याची शिस्त लावण्याची ज्याची ख्याती, त्या देशात हे घडले. तिथल्या शासनाला जाग येऊन दंड ठोठावले जाईपर्यंत विष फुप्फुसांत जिरून गेले होते. आणि न्यायालयीन तडजोडीतून दंड वसूल होतो, श्वास परत मिळत नाही.

या पापाचा पहिला धडा कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याने गिरवला, असेही समजण्याचे कारण नाही. तो उच्चविद्याविभूषितांनी गिरवला. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातील संशोधकांनी, ज्यांत अरविंद तिरुवेंगडम आणि हेमंत कप्पण्णा हे दोघे भारतीय होते, फोक्सवॅगनच्या मोटारींचे उत्सर्जन त्या रस्त्यावर धावत असताना मोजले. तेव्हा एका जेट्टा मोटारीचा नायट्रोजन ऑक्साइड मर्यादेच्या १५ ते ३५ पट निघाला. सप्टेंबर २०१५ मध्ये गौप्यस्फोट झाला : चाचणी सुरू आहे हे ओळखून सात्त्विकतेचे सोंग घेणारी आज्ञावली जगभरातील सुमारे १ कोटी १० लाख वाहनांत पेरलेली होती. कुंपणानेच शेत खाण्याचा तो प्रकार. त्या कुंपणाची सावली पुण्यावरही पडली. येथील वेताळ टेकडीच्या कुशीतील एआरएआय या वाहनसंशोधन संस्थेच्या रस्ताचाचणीत त्या कंपनीच्या काही गाड्यांचे उत्सर्जन बीएस-४ मर्यादेच्या १.१ ते २.६ पट आढळले. कंपनीने डिसेंबर २०१५ मध्ये सुमारे ३ लाख २३ हजार गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. रस्त्यावरील चाचणीची सक्तीच नसल्यामुळे नियमभंग झाला नाही, असा तिचा पवित्रा होता. मार्च २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने ५०० कोटी रुपयांचा दंड ठोठावला. दोन महिन्यांतच सर्वोच्च न्यायालयाने सक्तीच्या कारवाईला मनाई केली. अमेरिकेत अभियंत्यांना तुरुंगवास घडला, आपल्याकडे प्रकरण कागदांच्या ढिगाऱ्यात गेले. ‘सॉफ्टवेअरमधले खोटे पचते’ हा त्यातून निघालेला बोध बाजाराने तत्परतेने आत्मसात केला, यात नवल ते काय!

हवेचा प्रश्न दूरचा वाटणाऱ्यांनी रस्त्याकडे पाहावे. ब्रेक, टायर, क्लच आणि गिअरबॉक्स यांची निवड कारखान्याने ठरावीक घूर्णशक्तीसाठी केलेली असते. इंजिनाची मर्यादा उठते, ब्रेकची तीच राहते. ज्या प्रवेगासाठी चालकाचे प्रतिक्षिप्त हात शिकलेले नाहीत, तो प्रवेग अरुंद राज्यमार्गावर ओव्हरटेक करताना त्याच्या हाती दिला जातो. पेट्रोल गाड्यांत ‘पॉप्स अँड बँग्स’ नावाची फाइल मिळते. ठिणगी मुद्दाम लांबवून इंधन धुराड्यात जाळायचे आणि मूळ सायलेन्सरमधूनच फटाके वाजवायचे. रोडरोलरची कीर्ती तेथेच संपते. याहून भयावह शक्यता वेगळीच आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम ११८ ने मालवाहू व प्रवासी वाहतुकीच्या वाहनांवर ताशी ८० किलोमीटरची आणि शाळेच्या बस, टँकर, डंपर यांवर ६० किलोमीटरची मर्यादा घातली आहे. नव्या वाहनांत ही मर्यादा पाळणारा अंकुश पुष्कळदा त्याच संगणकाच्या स्मृतीतील एक आकडा असतो. मोटारीची रग वाढवणारा लॅपटॉप शाळेच्या बसचा लगामही सोडू शकतो, आणि बसच्या दारावरचा ‘वेगमर्यादा’ लिहिलेला फलक पूर्ववत चमकत राहतो.

या साऱ्याच्या तळाशी विश्वासाचा ऱ्हास आहे. अपघात झाला की विमा कंपनी बदल कळवला नसल्याचे कारण पुढे करील आणि मालकाचा दावा अडेल. जुन्या गाड्यांच्या बाजारात ‘स्टॉकवर आणलेली’ म्हणून मिरवणाऱ्या गाडीने वर्षानुवर्षे वाढीव दाबाखाली काय सोसले, हे खरेदीदाराला कळणार नाही. फाइल मूळपदावर येते, झिजलेला टर्बो येत नाही. अपघाताच्या खटल्यात यंत्राची साक्ष काढायची वेळ येईल तेव्हा ती साक्ष आधीच कोणीतरी पढवून ठेवलेली असेल. लोखंडाच्या साक्षीवर चाललेले आपले मोटार वाहन कायद्याचे शास्त्र आकड्यांच्या साक्षीपुढे निरक्षर आहे.

कायदा नाही, असे मात्र कोणी म्हणू नये. मोटार वाहन अधिनियमाचे कलम ५२ निर्मात्याने ठरवलेल्या वैशिष्ट्यांशी विसंगत बदलाला मनाई करते. २०१९ च्या दुरुस्तीने नव्याने लिहिलेले कलम १८२अ अनधिकृत बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड सांगते. निर्माता, आयातदार वा विक्रेता दोषी असेल तर वाहनामागे एक लाख रुपये. आकडे बदलून देण्याच्या एका ‘रीमॅप’चे बिल सहसा त्या पाच हजारांहून मोठे असते, म्हणजे दंड हा शिक्षा न राहता गिऱ्हाइकाच्या खर्चातील किरकोळ बाब ठरतो. आणि मालक व विक्रेता यांच्या मधोमध लॅपटॉप घेऊन बसलेला जो खरा कर्ता, त्याचा या कलमात स्वतंत्र उल्लेखच नाही. जाहिरात तो उघड करतो, आधीच्या व नंतरच्या अश्वशक्तीचे आलेख अभिमानाने दाखवतो. ज्या गुन्ह्याचे जाहिरातफलक लागतात तो गुन्हा शासनाला दिसत नसेल, तर दोष दृष्टीचा नाही, इच्छेचा आहे.

निर्माता कंपन्यांनाही येथे हात झटकता येणार नाहीत. डीपीएफ गाळणी साफ होण्यासाठी गाडी काही काळ सलग वेगात धावावी लागते. शहरात रोज चार किलोमीटर रांगत जाणाऱ्या ग्राहकाला डिझेल गाडी विकताना हे किती विक्रेते सांगतात? दिवा लागतो, गाडी मंदावते, सेवाकेंद्रात भल्या मोठ्या खर्चाचा आकडा ऐकवला जातो आणि हताश मालक ‘डिलीट’च्या दारात उभा राहतो. दुरुस्तीची माहिती कुलपात ठेवायची आणि ग्राहक कुलूप फोडणाऱ्याकडे गेला की वॉरंटी नाकारायची, हा व्यवहार चोख असेल, प्रामाणिक नाही. सामान्य मेकॅनिकलाही याच कुलपाने अडाणी ठेवले आहे. उद्या धाडी पडल्या आणि स्कॅनर बाळगणारा प्रत्येक फिटर आरोपी झाला, तर तो चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याचाच प्रकार ठरेल. ज्याला शर्यतीसाठी इंजिन खुलवायचे आहे, त्याच्यासाठी कोइम्बतूरजवळचा कारी, चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टई आणि ग्रेटर नोएडाचा बुद्ध हे शर्यतमार्ग आहेत. सार्वजनिक रस्ता ही कोणाच्याही हौसेची धावपट्टी नव्हे.

उपाय दुर्बोध नाहीत. प्रत्येक ईसीयूतील आज्ञावलीला ओळखक्रमांक असतो आणि तिच्यातील आकड्यांवरून पडताळा-अंकही काढता येतो. एक आकडा बदलला की तो अंक जुळत नाही. कॅलिफोर्नियाने १९ जुलै २०२१ पासून धूरतपासणीतच हे अंक स्टिअरिंगखालच्या त्याच सॉकेटमधून, म्हणजे ओबीडी पोर्टमधून, वाचण्यास आणि अमान्य आज्ञावली आढळलेली गाडी नापास करण्यास सुरुवात केली. त्यासाठी उपग्रह लागला नाही, एक केबल लागली. जी आज गुन्ह्यासाठी वापरली जाते तीच. केंद्रीय परिवहन मंत्रालयाने वाहनमान्यतेच्या वेळीच निर्मात्यांकडून हे अंक सक्तीने घ्यावेत, त्यांची सूची वाहन नोंदणीच्या विदागाराशी जोडावी आणि पीयूसी केंद्रांना ती तपासणे बंधनकारक करावे. डिझेल गाड्यांसाठी कणगणना आणावी. आकडे बदलून देणाऱ्या व्यावसायिकाची जबाबदारी कलम १८२अ मध्ये निःसंदिग्ध शब्दांत लिहावी. राज्याच्या परिवहन विभागाने शाळेच्या बसपासून आरंभ करावा. त्यासाठी दिल्लीच्या आदेशाची वाट पाहण्याची गरज नाही. आणि कंपन्यांना दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजांना वाजवी दरात खुली करण्यास भाग पाडावे.

हे आज झाले नाही तर उद्या काम दसपट अवघड होईल. बीएस-६ नंतर बहुतेक सर्व नव्या दुचाकींतही इंधन फवारणारा संगणक आला. म्हणजे छेडछाडीचे क्षेत्र स्कूटरपर्यंत पसरले. विजेवरच्या वाहनांत तर वेग, शक्ती आणि बॅटरीचे तापमान ही सारीच बंधने आकड्यांची. ताशी २५ किलोमीटर आणि २५० वॉटच्या मर्यादेमुळे नोंदणीतून सूट मिळालेल्या ई-बाइकची शक्ती परस्पर वाढवली जात असल्याचे पाहून महाराष्ट्राच्या परिवहन आयुक्तालयाला मे २०२२ मध्येच कारवाईचे आदेश काढावे लागले होते. तो पूर्वसंकेत होता. धुराड्यातला काळा लोट निदान दिसतो. तापमानाची मर्यादा उठवलेली बॅटरी पार्किंगमध्ये पेटेपर्यंत काहीच दिसत नाही.

पीयूसीचा कागद घडी करून आपण डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवतो. त्यावर वाहनाचा क्रमांक असतो, तारीख असते आणि शासनाच्या अधिकाराने दिलेली ग्वाही असते की, हे वाहन मानकांत बसते. गाळणी उपसलेल्या, दोषसंकेत पुसलेल्या गाडीच्या कप्प्यातही तोच कागद आहे. आकडे बदलणारा खोटे बोलला हे खरे. पण त्या खोट्याखाली दर मुदतीला स्वाक्षरी करतो तो गॅरेजवाला नव्हे. ती स्वाक्षरी शासनाची आहे, आणि ती मागे घेण्यासाठी कोणताही रोडरोलर भाड्याने आणावा लागत नाही.